सोडणं

उद्या पेपर. मी मोठ्यानं वाचते,
बाबा खाटेवर पाय लांब करून ऐकतात.
त्यांच्या डोक्याशी, भिंतीवर, दोन मुठींची करवत.
गावात आरामशीन आली तेव्हापासून
तिच्या दातांत कोळ्यानं घर केलंय.

स्नायू म्हणजे तंतूंची जुडी, मी वाचते,
जुड्यांची मोळी, मोळ्यांचा भारा,
प्रत्येकीला पातळ पापुद्र्याचा वेढा,
आणि टोकाला सगळे वेढे एक होऊन
कंडरा होते, हाडात रुजते.
"अंबाडीचा दोर," बाबा म्हणतात. "पुढं वाच."

नावं वाचते. दोन डोक्यांचा द्विशिर,
तीन डोक्यांचा त्रिशिर.
मांडीवरून तिरपा उतरतो तो शिंप्याचा.
"आन् करवतीचा नाही का?"
आहे. काखेखाली, बरगड्यांवर, दातेरी.
ते बंडीत हात घालून चाचपतात.
दाते मोजत असावेत.

दंडावरच्या फुगीला परक्या जुन्या भाषेत
छोटा उंदीर म्हणत, मी सांगते.
"आपल्यात बेडकी." हात दुमडून दाखवतात.
आहे अजून. म्हातारी झालीय.
पोटरीत मात्र त्यांनाही पोटच दिसलं.
आमच्या बांधीत या हप्त्यात
धान पोटरीवर आलंय.

मग ते वाक्य येतं:
स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही.
म्हणून जोडी लागते. एक आखडला
की दुसऱ्यानं सैल व्हायचं.
या दुसऱ्याला विरोधी म्हणतात.

बाबा उठून बसतात.
"विरोधी काऊन?
पंचवीस वर्सं उरकुडा ओंडक्याच्या वर, मी खाली.
तो ओढे तवा मी सोडाचो,
मी ओढलं का तो सोडाचा.
ढकलली तं पातंच वाकते, पोरी.
त्याले विरोधी म्हणू?"

मी पुस्तकाची बाजू घेते, पान उलटते.
आत दोन धागे, जाड आणि बारीक.
आखूड कोणीच होत नाही,
एकमेकांत सरकतात फक्त,
धरत, खेचत, सोडत, पुन्हा धरत.
आणि धरलेलं सोडायलाही ताकद लागते.
ती संपली की पकड सुटत नाही,
मेलेलं माणूस ताठतं ते त्यामुळं.

बाबा करवतीकडं बघत नाहीत.
मागल्या मारबतीच्या दिवशी
उरकुडाकाकांना खांदा त्यांनीच दिला होता.
"सागवान झाला होता," म्हणतात,
आणि कूस बदलतात.

रात्री दोनला ओरडले. डाव्या पोटरीत गोळा.
मी टाच धरली, चवडा नडगीकडं दाबला,
तळव्याखाली गाठ, रंध्याला दाद न देणारी.
"सोड म्हण ना त्याले!"
म्हणतेय बाबा. दम धरा.
बोटांखाली आधी काहीच नाही,
मग जरासं,
मग धागा धागा.

पेपरात आलंच: विरोधी स्नायू म्हणजे काय?
दोन गुण.
मी पाऊण पान लिहिलं.