लॉट नंबर चारशे सतरा

इरोडच्या डायिंगवाल्याला मराठी येत नाही,
नानांना तमिळ येत नाही,
फोन तो पंधरा दिवस उचलत नाही,
म्हणून भांडण इंग्रजीत करायचं ठरलं
आणि माझ्या गळ्यात पडलं,
कारण दाजी पेठेतल्या टायपिंग क्लासचा
चाळीस स्पीडचा दाखला घरात माझ्याच नावाचा.

तारीख वर. त्याचा पत्ता डावीकडे.
नाव माहीत नसेल तर डिअर सर.
"डिअर? त्या हलकटाला?"
चारही माग बंद होते,
त्यामुळे गल्लीभर ऐकू गेलं.

विषय एका ओळीत, खाली रेघ:
तांबड्या सुताचा रंग उतरल्याबाबत.
पहिल्या परिच्छेदात आकडे घालायचे, राग नाही.
बिल नंबर. लॉट नंबर. एकशे वीस किलो.
वही न उघडता नाना सांगत गेले
आणि सांगता सांगता आवाज खाली आला.

मग मी लिहिलं, वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू.
अर्थ सांग म्हणाले. सांगितला.
"टॉवेल परत आले आपले,
बुडालो आपण,
आणि खेद पण आपल्यालाच व्हायचा?"
आई विडीची पानं कापत होती.
कात्री न थांबवता म्हणाली,
"पोरगी देताना नाही का म्हणत,
काही चुकलं तर पदरात घ्या. तसंच की ते."

ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स,
म्हणजे लवकर, पण त्यांच्या सोयीनं.
"नळाला पाणी येतंय तसं," नाना म्हणाले.

शेवटी युवर्स फेथफुली.
मी क्लासात शिकलेलं सांगितलं:
नाव माहीत नसलं की फेथफुली,
माहीत असलं की सिन्सिअरली, आणि वर नावानिशी डिअर.
नाना बराच वेळ बोलले नाहीत.
"सेल्वराज," मग म्हणाले. "नरसूच्या लग्नाला आलता.
शेंगाचटणीनं डोळ्यातनं पाणी काढलं त्यानं,
तरी दोनदा मागून खाल्ली."

मी कागद काढायला लागले, नवा घालायला.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "सरच ऱ्हाऊ दे."

आता फक्त सोबत जोडायचा नमुना.
नानांनी टॉवेलचा कोपरा कापला,
तांब्यात बुडवला, पिळला,
आणि सहीच्या जागेवर तळहातानं दाबून धरला.

मला सगळं परत टाइप करावं लागलं.
दोन्ही पानं एकाच पाकिटात घातली,
ओलं पान मागे.