काठ कुठे धरायचा

विश्वामित्रीनं वळण बदललं तेव्हा
मागे राहिलेलं हे पाणी.
नदीनं सोडलं, बडोद्यानं ठेवून घेतलं.
लोक वांकळ म्हणतात. कागदावर: जलसाठा क्र. ४१.

फॉर्मातला पहिलाच रकाना, पाण्याचा काठ.
मी टेप धरून उभा, मे महिना,
बूट तडकलेल्या चिखलात,
आणि विचारतोय स्वतःलाच, कुठला?

होळीचा काठ बाभळीच्या पलीकडे असतो,
श्रावणातला बाभळीच्या शेंड्यात.
मधल्या जमिनीला आमच्याकडे रंग नाही.
सूचीत निळा आहे, पिवळा आहे,
‘पडीक’साठी करडा आहे.
अर्धं वर्ष शिंगाडे
आणि अर्धं वर्ष क्रिकेट पिकवणाऱ्या जमिनीचा
रंग प्लॉटरच्या शाईत येत नाही.

याआधी दोन वर्षं मी खंभातच्या आखाताची किनाररेषा आखली,
अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर, एसीत बसून.
भरतीला समुद्र गावंच्या गावं आत यायचा,
ओहोटीला तेवढाच मागे.
मी त्याला माउसनं धरून ठेवायचो
उपग्रहानं पाहिलेल्या एका मिनिटात.
दहा वाजून चाळीस.
तिथे कुणी हटकलं नाही.

इथे जीवीबेन हटकतात.
“शुं मापो छो?”
तळं, मी म्हणतो.
त्या हसतात. दगडावर चढून उभ्या राहतात,
गुडघ्याला हात लावतात: होळी.
कमरेला: रथयात्रा.
मग बोट सखुभाईच्या दुकानाच्या भिंतीकडे,
जिथे पुराच्या वर्षीची ओल
अजून सुकायची आहे.
“अने आ.”
मी तीन आकडे लिहितो.
त्यांची उंची विचारायची राहून जाते.

पलीकडे मगर, जबडा उघडा टाकून.
तिच्या लेखी हा काठ नाही, ओटा आहे.

शेवटचा रकाना: सार्वजनिक वाट. होय / नाही.
पूर्वेला सोसायटीची भिंत,
इतकी नवी की शेवाळानं अजून हात लावलेला नाही.
नाव ‘लेक व्ह्यू’, आत रहिवाशांनाच प्रवेश.
वॉचमन रामसनेही, भिंडकडचा.
“हमने भी पास से नहीं देखा, साहब.”
पश्चिमेला पत्रे. सुशोभीकरण चालू.
दोहोंच्या मध्ये विटा काढून केलेलं भगदाड,
कडा येणाऱ्याजाणाऱ्यांनी गुळगुळीत केलेल्या.
तीन फूट.
एका म्हशीची रुंदी,
किंवा पाटी घेतलेल्या बाईची,
जराशी तिरकी झाली तर.

तीन फूट म्हणजे एकास दोन हजारला
अर्धा मिलिमीटरही भरत नाही.
मी रेषा तिथे तोडली.
प्लॉटरनं जोडून दिली.
परत तोडली.
ठोसरबाईंनी चष्मा कपाळावर सारला.
“खानविलकर, शाई संपली का?
भिंत सलग दाखवा. भगदाड म्हणजे अतिक्रमण.”
कुणाचं? मी विचारलं.
त्यांनी दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा.
चहा आला, पिऊन झाला.

सगळे गेल्यावर
नोटीस बोर्डावरची एक टाचणी काढली
(रजेचा कुणाचा तरी अर्ज खाली पडला)
आणि भिंतीच्या रेषेत भोक पाडलं.
शीट ट्यूबलाइटसमोर धरल्याशिवाय
दिसणार नाही, एवढंच.

मंगळवारी नकाशा पुढे गेला.
बुधवारी मी परत वांकळवर गेलो, सुट्टी टाकून,
त्याच तिरक्या वाटेनं,
खांदा आधी घालून.
उंची किती तुमची, विचारलं.
चार फूट नऊ, जीवीबेन म्हणाल्या,
ते लग्नात मोजलेलं.
आता वाकलेय. दोन इंच कमी धर.

पाणी दोन इंचांनी खाली आलं.
तिन्ही आकडे खोडून नव्यानं लिहिले.