उपाशीपोटी

धंतोलीत तिसऱ्या माळ्यावर
कूलरमधून वाळ्याचा ओला वास येतोय
आणि डॉक्टर घाटोळे म्हणतात,
"मॅडम, फुल बॉडीच करून टाका ना.
जे जे असते ते सगळं. एकदाचं मिटून जाईल."

त्यांच्या मागच्या पोस्टरवर
बहात्तर तपासण्या, नऊशे नव्याण्णव रुपये,
आणि एक हसरं कुटुंब
ज्यातलं कोणीच आजारी दिसत नाही.

हे पॅकेज तुम्ही स्वतः कधी केलंत?
ते हसले. चष्मा पुसला.
"आपल्याले कशाले लागते?
आपण आधी पाहतो ना, दुखून काय राह्यलं."

तेच विचारतेय. दुखून काय राह्यलं?

"दुखत तर काही नाही. पण त्या एका दवाखान्याचा
सर्व्हर कोणीतरी बंद पाडला म्हणतात,
तीन दिवस लोक कागदं घेऊन फिरून राह्यले.
तेव्हापासून झोप नाही."

मी वही उघडली.
परक्यासारखी येऊ का मी?
काही न विचारता, फक्त पाटीवरचं नाव घेऊन,
बाहेरच्या अंधारातून?
ते उपाशीपोटीचं रक्त, डॉक्टर.
खरं बोलतं, पण वेळ खातं;
पंधरा दिवसांतले दहा
मी तुमचं फाटकच चाचपत बसेन.
की घरोघरी रक्त घेणाऱ्या एका पोराचा
पासवर्ड द्याल माझ्या हातात,
म्हणजे मला बघता येईल
मानेवाड्यात बसून त्याच्या मोबाइलवर
कामठीच्या बाईचा थायरॉइड दिसतो का?
का सगळंच उघडाल? कोड, नकाशे, किल्ल्या,
ऑपरेशनच्या टेबलावर उघडतात तसं?

"यातलं महाग कोणतं?"

सर्दीवाल्याचा एमआरआय काढला
तर सर्दी जाते का?

आणि खरं सांगू, मी अर्धा तास आधीच आले होते.
खाली बसले, स्टीलच्या खुर्चीवर,
जी या दिवसांत तव्यासारखी असते.
एक माणूस आला. "मेव्हणीचा रिपोर्ट पाहिजे."
नाव सांगितलं. पावती नाही, नंबर नाही.
काउंटरवरच्या एकीने छापून दिला
आणि वर विचारलं, "आता बरं आहे का हो त्यांना?"
इतक्या मायेने
की क्षणभर मला माझ्याच धंद्याची लाज वाटली.

डॉक्टर खुर्चीत ताठ झाले.
"तिघी असतात खाली. कोण होती? नाव सांगा."

मी वही मिटली.
करारात एक ओळ माझी राहील:
जो फसेल, त्याचं नाव अहवालात येणार नाही.
तुम्हीही नळीवर
नुसता बारकोड चिकटवता की नाही?
मशीनला काय करायचं
रक्त कोणाचं ते.

बराच वेळ कूलर एकटाच बोलत राहिला.
मग त्यांनीच वही ओढली.
लिहिलं: काउंटर.
खाली: पोरांचे मोबाइल.
वेबसाइट लिहून खोडली,
बाजूला बारीक अक्षरात, दिवाळीनंतर.
"आणि सकाळी नको, दुपारी करा.
सकाळी रांग असते बाप्पा, शुगरवाल्यांची,
बिचारे चहासुद्धा न पिता येतात."

परवानगीचं पत्र घेतलं, शिक्क्यासकट.
ते पर्समध्ये नसलं
तर मी नुसती चोर.
सही मात्र पक्की डॉक्टरची,
कोणालाच न वाचता येणारी.
तेवढी एक गोष्ट यांची
कोणी चोरू शकणार नाही.

खाली उतरले तर काउंटरमागून हाक आली,
"ताई, तुमचा रिपोर्ट घ्यायचा राह्यला का?"

अजून व्हायचा आहे, मी म्हटलं.

"मग बसा ना जरा, केवढं ऊन आहे,"
म्हणाली, आणि मी कोण, कुठली, कशासाठी आले,
काहीएक न विचारता
स्वतःच्या बाटलीतलं गार पाणी
माझ्यापुढे केलं.