उतारावर लावलेली गाडी

पाच महिने झाले, रिव्हर्स पडत नाही.
दांडा मागे ओढला की
आत कुणीतरी खाकरतं, घसा साफ करतं,
आणि मग काहीच बोलत नाही.

म्हणून मी गाडी उतारावर लावते.
नाक चढाला, शेपूट रस्त्याला.
निघताना न्यूट्रलला टाकून ब्रेक सोडायचा,
बाकीचं काम डोंगराचं.
हँकॉकमध्ये चढ-उतार मुबलक.
तांब्याच्या खाणी गेल्या, उतार राहिले.

सपाटीवर राहणारे पेशंट तेवढे अवघड.
मिसेस लाम्पिनेनच्या अंगणातून
त्यांचा नातू आर्वो मला मागे ढकलतो
बॉनेटला पाठ लावून, बूट बर्फात रुतवून.
कुत्रा नुसता भुंकतो.
म्हातारी खिडकीतून बघते, नाकातली नळी सारखी करते:
"जोर लाव रे, तिला अजून दोन घरं करायचीत."

मग जानेवारीत
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातानाही दचकायला लागली.
पुलावर इंजिन ओरडतंय, चाकं ऐकत नाहीत,
मागे लाकडांचा ट्रक, त्याचे दिवे माझ्या आरशात भरलेले.
औषधांची पेटी सीटवरून खाली पडली.
मी गाडीला "बाई" म्हणाले त्या दिवशी.
चल बाई. एवढा पूल.

राइनो सारेला कमी बोलतो.
त्यानं गाडी वर उचलली, खालचं ताट सोडवलं,
तेलात बोट बुडवून माझ्यासमोर धरलं.
"चेरीच्या सरबतासारखं लाल हवं."
बोटावर कालची कॉफी होती,
आणि कॉफीत चमचम.
"ती चमक म्हणजे तुझे गिअर," तो म्हणाला.

मी म्हटलं, विकणारा तर म्हणाला होता,
हे तेल आयुष्यभराचं, बदलावं लागत नाही.
राइनोनं बोट फडक्याला पुसलं.
"कुणाच्या आयुष्यभराचं, ते विचारलंस का?"

नाही विचारलं.
ज्या घरांत मी जाते
तिथं हा हिशोब मला रोज विचारतात,
आणि मी उशी सारखी करते.

पाठकोऱ्या बिलावर त्यानं आकडे मांडले.
पूर्ण उघडून नव्यानं बांधायचं: चार हजार दोनशे.
भंगारातला बसवायचा: सव्वीसशे, हमी नव्वद दिवस.
आणि गाडीची किंमत?
"तीन हजार. टायर धरून."
टायर ऑक्टोबरात त्यानंच विकलेले.

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
मान्य.
पण कोंबडीच नसेल तर मसाल्याची पुडी घेऊन
मी रोज साठ मैल चालत जाऊ?
हे मी मोठ्यानं बोलले असावे,
कारण राइनोनं खुर्चीवरचे हातमोजे उचलले
आणि मला बसायला सांगितलं.

नव्या गाडीचे हप्ते मनात मोजून झाले,
कर्टिसला फोन करावा का, हेही.
(गाडी त्यानं पसंत केली होती. घर त्याला गेलं, ही मला.)
शेवटी भंगारातला.
दरमहा दोनशे, व्याज नाही, कागद नाही.
हरणाला धडकलेल्या एका लाल गाडीचा,
पुढून चुराडा, पोटात सगळं शाबूत.

नऊ दिवसांनी गाडी आली.
राइनोच्या दारातच मी सात वेळा मागे-पुढे केली,
कारण नसताना.
लोण्यातून सुरी फिरावी तशी.

सोमवारी मिसेस लाम्पिनेन.
पलंग आता खिडकीला लागून, भिंतीकडची खुर्ची रिकामी.
मी नाडी पाहिली, मॉर्फिन नोंदलं,
बाहेर आले तर आर्वो
हातमोजे चढवून आधीच बॉनेटपाशी.
त्याला कुणी सांगितलेलं नाही.
काचेवर आतून एक पांढरा हात टेकलेला.

मी बसते, आरसा बघते,
दांडा रिव्हर्सपर्यंत नेते.
मग एक घर खाली, न्यूट्रलला.
आर्वो पाठ लावतो.
कुत्रा नुसता भुंकतो.