कोनाड्याचा दगड

बस्त्याव अक्षरामागे साठ रुपये घेतो.
चित्राचे घेत नाही.
चरईच्या मागच्या गल्लीत, रिक्षांच्या गॅरेजला टेकलेली टपरी,
पापण्यांवर संगमरवराचं पीठ,
चहाच्या कपाखाली कुणाचा तरी अर्धवट 'जन्म'.

मुदत संपली. आता मातीतली हाडं वेचून
कबरस्तानच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची.
फूट बाय फूट.
घरच्या कोनाड्यात आम्ही काड्यापेटी ठेवायचो.

भाऊ दुबईहून सांगतो, ग्रॅनाइट घे, लेझरवाला,
वर तिचा रंगीत फोटो, बाजूला गुलाब.
मी म्हटलं, बघते.

नाव?
एस्पेरान्स.
तो बोटांवर मोजतो, ए, स्पे, रा, न्स.
"चार झाली. जोडाक्षराला मेहनत जास्त,
पण तुमच्यात याचा अर्थ आशा ना? मग राहू दे."
तुमच्यात म्हणतो, स्वतः रोज सहाच्या मिस्साला असतो.

मग फडताळातून एक पुस्तक, पुठ्ठा गळालेलं,
कुणा फादरनी जाताना दिलेलं.
रोमच्या पोटातली भुयारं.
भिंतीत एकावर एक माणसं ठेवलेली,
वखारीतल्या फळ्यांसारखी.
आणि चुन्यावर, दिव्याच्या उजेडात, घाईघाईत काढलेलं काहीबाही:
मासा, म्हणजे दोन चुकलेल्या रेघा.
मिसरूड न फुटलेला मेंढपाळ,
खांद्यावर मेंढी की शेळी, काढणाऱ्यालाही कळलं नसावं.
माशाने ओकून टाकलेला योना
भोपळ्याच्या वेलाखाली उघडाबंब आडवा,
रविवारी जेवल्यावर पप्पा पडायचे तसा.

'शांतीत' लिहिताना कुणीतरी एक अक्षर खाल्लंय.
बस्त्याव त्या जागेवरून नख फिरवतो.
"याचे पैसे कापले असतील का गं?"

एका दगडावर हातोडा. एकावर पावाची भट्टी.
ज्याचं जे काम.
"तुझी आय काय करायची?"

वागळे इस्टेट. एकतीस वर्षं.
इंजेक्शनच्या कुप्या तपासायची.
काळ्या पडद्यासमोर, ट्यूबलाइटखाली,
दोन्ही हातांत धरून वर उचलायच्या,
उलट्या करायच्या, पाहायचं.
एखादा कण, धागा, काचेचा केस.
दिसला की लाल क्रेट.
नाइट शिफ्टनंतर रोझरीत झोपायची,
फादर रागवायचे.
घरी पाण्याचा ग्लासही उजेडात धरून मगच प्यायची.
मलाही धरायची, हनुवटीला,
शाळेतून आले की, दारातच.

बस्त्याव ऐकतो की नाही कुणास ठाऊक.
पानं उलटतो, तर अचानक
एक बाई.
समोर तोंड, डोक्यावर पदर,
दोन्ही हात कोपरातून वर, तळवे उघडे,
डोळे हातांच्याही वर कुठेतरी.
"प्रार्थना करतेय," तो म्हणतो.

मी तिचे तळवे पाहते.
रिकामे आहेत.
बाकी सगळं तेच.

तो कोळशाची कांडी तासत बसतो.
"वाळवंटात म्हातारे राहायचे पूर्वी. तपाला.
एकाला चेल्याने विचारलं, बाबा, निर्मळ कसं व्हायचं?
म्हातारा म्हणाला, आधी कण दिसू दे."
असं कोण म्हणालं होतं?
"कुणीतरी म्हणालंच असेल.
नसेल तर मी म्हणतो. आत्ता."

सहा रेघांत आई झाली.
एका हाताला बोटं सहा.
मी काही बोलले नाही.
"कुप्या काढू?"
नको.

भावाचा फोन, फोटो टाकलास ना?
टाकला म्हटलं.

रिक्षात दगड मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
तीन हात नाक्याला सिग्नल लागला.
मी कागद सोडला,
दोन्ही हातांनी दगड वर उचलला, उन्हाकडे.
ड्रायव्हर आरशातून बघत होता.
दगडातून आरपार काहीच दिसत नाही.
सिग्नल सुटेपर्यंत
तसाच धरून ठेवला.