शनिवारचं कापड

ओल्डहॅमच्या गिरणीमागचं तळं
जानेवारीतही गोठत नाही.
इंजिनातून दमून आलेली वाफ
पितळी नळ्यांत गार होते,
अंगातली ऊब तळ्याला देते
आणि पुन्हा पाणी होते.
जत्रेतले सोनेरी मासे कुणी सोडले होते इथे,
आता वीतभर झालेत.

पण आलेलं पाणी तसंच बॉयलरला घालत नाहीत.
सिलिंडरचं तेल चिकटलेलं असतं त्याला.
म्हणून आधी कोकच्या थरांतून,
मग जाड टॉवेलच्या कापडातून.

ती कापडं हेस्टर ऑग्डन धुते दर शनिवारी,
सोड्याच्या कढत पाण्यात, कोपरापर्यंत काळी.
'तेल आत गेलं की पत्रा तापून लाल होतो,
मग फुगतो,' नवरा सांगायचा जेवताना,
पावाचा तुकडा फुगवून दाखवल्यासारखा धरून.

त्या आठवड्यात कापड बदलायचं राहिलं.
कुणाकडून, ते चौकशीत निघालं नाही.
गिरणीनं तिला हे काम दिलं.

आज गाळणीखाली तिनं बोट धरलं,
थेंब जिभेवर ठेवला.
चव नाही.
चुना नाही, तेल नाही,
तो नाही.

हात पुसून तिनं पुढचं कापड घेतलं.