अंक तिसरा उघडत नाही

धुमेमास्तर पेनड्राइव्ह आणतात औषधाच्या पुडीसारखा,
कागदात गुंडाळून, वरून रबर.
"कितें जालां पळय गे," म्हणतात, "काल उगडटालें."
काल उघडत होतं.
डिचोलीच्या बाजारात, या दुकानाच्या पायरीवर
हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय
की आता ते आजाराचं नाव वाटतं.

जत्रा अकरा दिवसांवर.
दोन अंक पोरांना पाठ आहेत, तिसरा फक्त या फाइलीत,
आणि पडदा म्हणतो : फाइल दूषित आहे.
दूषित. विहिरीच्या पाण्याला म्हणतात तसं.
मास्तर चपला काढून बसलेत,
जणू आत कुणी तपासायला घेतलंय.

आधी प्रत काढायची. मूळ दुखण्याला हात लावायचा नाही.
मग जुन्या आवृत्तीत, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर,
मग "उघडा आणि दुरुस्त करा".
हिरवी पट्टी सरकते, सरकते,
आणि रायबंदरच्या फेरीबोटीसारखी
धक्का हाताला लागणार तोच थांबते.
वीज जाते. यूपीएस टिटवीसारखा ओरडतो.
मी कीबोर्ड उलटा करून झटकते :
खाणी बंद झाल्या, ट्रक गेले,
तरी यातून अजून तांबडी धूळ पडते.

वीज आल्यावर फाइलीचं शेपूट बदललं.
डॉक्सच्या जागी झिप. फक्त तीन अक्षरं,
आणि जे कागदासारखं दिसायचं
ते निघालं फडताळ, खणात खण.
शेवटच्या खणात कंसांचं रान.
कंस, कंस, आकडे, फाँटचं नाव, कंस,
आणि मध्येच, काट्यात अडकलेल्या पदरासारखी,
थोरली सून बोलताना सापडली :

*पाटाचं पाणी कुठल्या बांधाला किती वेळ थांबतं ते मला विचारा.
एक-चौदाच्या उताऱ्यावर मी नाही.
पोफळींना विचारा, त्या ओळखतात मला.
वाटण्या करताय, करा. पण आधी सांगा,
माझ्या पायाच्या भेगा कुणाच्या वाट्याला?*

मास्तरांनी चष्मा काढला.
"तें न्हय," म्हणाले, आणि मग मराठीत,
जशी शाळेत चूक कबूल करून घ्यायचे तशी,
"ते काढलेलं आहे."

खरंच. कंसातच नोंद होती :
खोडलं. कुणी : जत्रा समिती. कधी : रात्री अकरा चाळीस.
खजिनदार म्हणाला होता, बाईच्या तोंडी दीड पान?
फोंड्याची नटी म्हणाली होती,
एवढं पाठ करायचे पैसे वेगळे.
मास्तर म्हणाले होते, बरं.

खोडलेलं गेलंच नव्हतं.
ते ओळींच्या खाली ओळ होऊन
सात महिने श्वास धरून बसलं होतं.

कंस उपटत संध्याकाळ झाली.
धाकट्या दिराची दोन वाक्यं मिळालीच नाहीत,
तिथं चौकोन चौकोन आले;
मास्तर म्हणाले, तो तसाही तोतरा आहे.
मग खालच्या आवाजात विचारलं,
"खोडलेलं आणि राहिलेलं वेगळं करता येतं?"

मी पंख्याकडे बघितलं.
"नाही," म्हटलं. "आता सगळं एकच झालं."

येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रिंट काढली, सव्वीस पानं, बावन्न रुपये.
मास्तरांनी पन्नासची नोट दिली, दोन शोधत राहिले,
राहू द्या म्हटलं तरी शोधत राहिले.
रबर टेबलावरच विसरले.

साखळीची बस आली, भोंगा वाजवून गेली.
ते पायरीवर, चपला अजून हातात,
पान एकोणीस डोळ्यांशी धरून
बायकी, बारीक, थकलेल्या आवाजात
कुणाला तरी विचारत होते
पाण्याबद्दल.